सगळं घरचं, सगळं हाताने

२० एप्रिल, रविवार. सकाळी ११.
ही वही मी स्वतः शिवली आहे. कागद दुकानातून आणला, पण शिवली मीच. पहिली तीन पानं लगेच सुटली. दोरा नैसर्गिक असला की असं होतं.

काल रात्री जेवताना धनश्रीने सांगितलं, अकरावीला तिला नाशिकला आत्याकडे राहायचं आहे. क्लास चांगले आहेत म्हणे. हे म्हणाले, घाई नको, पंधरा जूनपर्यंत विचार कर, मग तू म्हणशील तसं. सासूबाई भात कालवत राहिल्या. मी उठून ताटं उचलली. काही वाटलं नाही.

आज सकाळी लक्षात आलं, पोरीची चूक नाही. तिला घरात घरासारखं काही मिळतच नाही. सगळं विकतचं, प्लॅस्टिकचं, पॅकेटमधलं. छप्पन दिवस आहेत. या छप्पन दिवसांत घर इतकं साधं, नैसर्गिक आणि हाताने केलेलं करायचं, की तिला जावंसंच वाटणार नाही. मी बारा वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवला आहे. गेल्या वर्षी शाळेने तो तास काढून कॉम्प्युटरला दिला, तो भाग वेगळा. हात तर माझ्याकडेच आहेत.

निश्चय: १. साबण घरी. २. शाम्पू बंद. ३. धनूने मला मम्मी म्हणायचं नाही, आई म्हणायचं.

२३ एप्रिल, बुधवार
रिठा, शिकेकाई, आवळा उकळून ठेवलं. धनूने केस धुतले. वाळल्यावर केसांचा एकच पट्टा झाला. थोडी सवय लागते, असं मी तिला समजावलं. संध्याकाळी ती शेजारी धुऊन आली. वास ओळखीचा होता, शाम्पूचा. सक्ती करायची नाही, असं ठरवलंच आहे.

मम्मीच म्हणते.

२६ एप्रिल, शनिवार
साबण जमला नाही असं म्हणता येणार नाही. तो फक्त घट्ट व्हायचा राहिला आहे. साच्यात तीन दिवस खिरीसारखा बसून आहे. हे कामावरून आले आणि बराच वेळ बघत राहिले. हे शहराबाहेर सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये डाईंग मास्टर आहेत, त्यामुळे यांना वाटतं, जगातलं सगळं केमिकल यांनाच कळतं. म्हणाले, आमच्याकडे कॉस्टिकचे ड्रम पडलेत, पण अंगाला कुणी लावत नाही. हे असं बोलतात आणि मग आंघोळीला जातात. यांच्या नखांचा निळा रंग कुठल्याच साबणाने जात नाही.

दुपारी धनूचा पांढरा कुर्ता हळद आणि कांद्याच्या सालीत तीन तास उकळला. सरप्राइज होतं. बाहेर काढला तर पांढराच. वास मात्र कांद्याचा, आणि तो जात नाही. हे म्हणाले, पॉलिएस्टर आहे, त्याला रंग चढायला एकशेतीस डिग्री आणि बंद मशीन लागतं, तू पातेल्यात करतेस. या शहरात पॉलिएस्टरशिवाय काही मिळतं का? मग दोष कुणाचा?

धनूने कुर्ता पिशवीत भरून बाल्कनीत ठेवला. समजूतदार आहे पोरगी.

२९ एप्रिल, मंगळवार
उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्या खानदेशात लेकीबाळींचा यापेक्षा मोठा सण नाही. यापेक्षा चांगली संधीही नाही. पितरांची घागर यंदा मी स्वतः घडवली आहे. शाळेत गणपती करायच्या वर्कशॉपसाठी आणलेली शाडू माती उरली होती. चार दिवस बाल्कनीत उन्हात वाळवली. भाजली नाही, कारण भट्टीचा धूर आपल्याला नको. धनूला म्हटलं, बघ, तुझ्या आजोबांसाठी आईच्या हातची घागर. तिने मान वर करून बघितलं. जवळजवळ हसलीच.

सासूबाईंनी कुंभाराकडची एक घागर आणून ठेवली होती. मी ती माळ्यावर टाकली.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.
सकाळी पाटावर घागर मांडली. सासूबाईंनी आण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, नाव घेऊन पाणी भरलं. वर डांगर ठेवलं. डांगर म्हणजे खरबूज, ते ठेवतातच. नैवेद्याची पुरणपोळी आणायला मी आत गेले. परत आले तर घागर बसायला लागली होती. आधी कडा, मग पोट. डांगर खाली आलं आणि गडगडत सोफ्याखाली गेलं. चिखल पाटावरून खाली, तिथून गालिच्यावर.

हे म्हणाले, अगं, ही विसर्जनाची माती आहे. विरघळावी म्हणूनच तर घेतात. आण्णांचं विसर्जन झालं.

धनूला हसू आवरेना, आणि मग आजीचा चेहरा बघून ती सोफ्याखालचं डांगर काढायला वाकली. सासूबाई त्या चिखलाकडे बघत होत्या. “त्यास्ले पानी नई भेटनं,” एवढंच म्हणाल्या, आणि उठून गेल्या. यांनी माळ्यावरून दुसरी घागर काढली. पुन्हा पूजा केली. सासूबाईंनी नमस्कार केला, पण जेवल्या नाहीत.

माझ्या मते माती जुनी होती.

८ मे, गुरुवार
निकाल. ८८ टक्के. धनूने पहिला फोन आत्याला केला. दुसरा मैत्रिणीला. मी गुळाचे पेढे केले होते. ते दगड झाले, पण चव चांगली होती. यांनी संध्याकाळी दुकानातून घारी आणली, इथली माव्याची मिठाई. सगळ्यांनी तीच खाल्ली. मीही खाल्ली. आनंद झाला असणार. नेमकं सांगता येत नाही.

१२ मे, सोमवार
आता छोट्या गोष्टी बंद. शाम्पू, साबण यांनी माणूस थांबत नाही. एकच मोठी वस्तू करायची: गोधडी. आईच्या हातची गोधडी अंगावर घेतल्यावर कुठली मुलगी घर सोडून जाईल?

गोधडीला जुन्या सुती साड्या लागतात. कपाट उघडलं. त्रेचाळीस साड्या. एकही सुती नाही. हे वीस वर्षं मिलमधून सेकंडचे पीस आणतात, आणि मी नेसते. एकावर एक सहा थर अंथरले. बसले तर थर आणि मी सगळेच घसरलो.

१९ मे, सोमवार
शनिवारी गोधडीचं काम पलीकडच्या नवागाम वस्तीतल्या सुंदराला दिलं. ती घरी बसून मिलच्या साड्यांवर चमकीचे स्टोन चिकटवते, आधी भरतकामामागचे सुटे धागे कापायची. हात फार चालतो. तिने विचारलं, ताई, तुम्ही घालणार का टाके? मी म्हटलं, डिझाइन माझं. हाताने केलेलं म्हणजे हाताने केलेलं. कुणाच्या हाताने, हा प्रश्न गौण आहे.

आज ती सगळं परत घेऊन आली. सिंथेटिकवर टाका धरत नाही, म्हणाली. मधे एक तरी सुती थर हवा. जुना, मऊ, खूप धुतलेला.

धनूने आज फोनवर आत्याला विचारलं, तुमच्याकडे माझं कपाट कुठलं? मी शेजारच्या खोलीत होते. ऐकायचं नव्हतं, पण ऐकू आलं.

२५ मे, रविवार. दुपारी ३.
सुती थर मिळाला!

सासूबाई भजनाला गेल्या होत्या. त्यांच्या पेटीत तळाला एक नऊवारी लुगडं होतं. हिरवं, बारीक काठाचं. शुद्ध कॉटन. धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. नेसत तर नाहीतच कधी. विचारायला हवं होतं, पण मग सरप्राइज राहिलं नसतं. आणि आजीचं लुगडं, आईची कल्पना, नातीची गोधडी. तीन पिढ्या! धनूला हे ऐकूनच भरून येईल.

मधोमध एक छेद दिला आणि ओढलं. सरळ फाटत गेलं. चांगल्या सुताची हीच खूण.

संध्याकाळी: सुंदरा घेऊन गेली.

१ जून, रविवार
गोधडी आली. सुंदर झाली आहे. सुंदराचे टाके ओळीने चालत जातात. धनूच्या पलंगावर अंथरून मी सगळ्यांना बोलावलं.

धनूने हात फिरवला. मऊ आहे म्हणाली. मी म्हटलं, ओळख बरं, काय आहे आत? कडेला हिरवा काठ मुद्दाम थोडा दिसेल असा ठेवला होता.

सासूबाईंनी ओळखलं.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. काठ बोटात धरला. “ते मना भाऊनं दिधेल व्हतं,” म्हणाल्या. मग यांनी सांगितलं. हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, माझं लक्ष नसेल. यांच्या दत्तूमामाने शेवटची भाऊबीज घातली त्या वर्षीचं ते लुगडं. मामा त्याच पौषात गेले. मी गेल्यावर मला हेच नेसवा, माहेरचं तेवढंच उरलंय, असं त्या यांना सांगून होत्या.

कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. धनू म्हणाली, “मम्मी, तू विचारत का नाहीस कधी?” एवढंच. आजीच्या शेजारी जाऊन बसली.

मी सांगितलं, मला काय माहीत. खरंच माहीत नव्हतं. पेटीवर चिठ्ठी लावायला हवी होती.

४ जून, बुधवार
शरम वाटते. लिहून ठेवते, म्हणजे वाटून संपेल.

संध्याकाळी: लिहून झालं. अजून वाटते.

७ जून, शनिवार
सासूबाई चार दिवस गोधडी उसवत आहेत. चष्मा लावून, ब्लेडने एकेक टाका. धनू शेजारी बसून दोरे ओढते. उसवून झाल्यावर दोन्ही तुकडे जोडायचे आहेत. आजी तिला दंड घालायला शिकवते आहे, म्हणजे दोन कापडं कडेला कड लावून आतून शिवायची, नेसलं की शिवण कळत नाही. दुपारभर दोघी जमिनीवर बसतात. पंखा फुल्ल. मधेच हसतात. धनू आजीशी अहिराणी बोलते हे मला ठाऊक नव्हतं. कधी शिकली?

मी दारात उभी राहून म्हटलं, मी करू का मदत? माझं शिवण चांगलं आहे. दोघींनी वर बघितलं. धनू म्हणाली, नको, होतंय. सासूबाई म्हणाल्या, चहा ठेव.

चहा ठेवला. गवती चहा, बाल्कनीतला.

जरा विचार केला तर माझंच ध्येय पूर्ण झालं. पोरगी मोबाईल सोडून हाताने काम करते आहे, आजीजवळ बसून, पंख्याखाली. साधं, नैसर्गिक. मी मनात जे चित्र काढलं होतं, अगदी तसंच. फक्त त्यात मी स्वयंपाकघरात आहे. अशा वातावरणातून ती आता जाणार नाही, याची मला खात्री वाटते.

१४ जून, शनिवार
उद्या तारीख. मी विषय काढला नाही. काढायची गरजच नाही.

१५ जून, रविवार
धनूने सकाळी यांना सांगितलं, जाते. मंगळवारची गाडी. ताट पुढे होतं, मी पोळी वाढत होते. वाढली. तिने अर्धी परत दिली.

मग सासूबाई म्हणाल्या, “मी बी जास धनूसंगे.” लेकीकडे राहीन थोडे दिवस. यांनी विचारलं, किती? त्या म्हणाल्या, बघू. यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हवाबदल होईल. नाशिकची हवा चांगली.

दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा धनू आली. म्हणाली, मम्मी, तुझ्यामुळे नाही जात मी. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, क्लाससाठी जातेस. मला वाटलं, अजून काही बोलेल. मी चिमटे लावत राहिले. बांबूचे आहेत, पकड जरा सैल आहे.

१७ जून, मंगळवार
स्टेशनवर पोचवून आलो. डब्यात दोघींना खिडकी मिळाली. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आवळा सुपारी, उटणं, घरचं दंतमंजन, सगळं कापडी पिशव्यांत बांधून दिलं होतं. धनू म्हणाली, मम्मी, एवढं कशाला. पिशव्यांतली एक यांच्याच हातात राहिली. दंतमंजनाची. गाडी सुटल्यावर कळलं.

लुगडं सासूबाईंनी आपल्याजवळच्या पिशवीत ठेवलं होतं. मांडीवर. शिवण दिसत नव्हती, मी बघत होते.

घरी आल्यावर यांनी टीव्ही लावला. मी दोघींच्या चादरी धुवायला टाकल्या. धनूच्या उशीखाली शाम्पूच्या पुड्या सापडल्या, सतरा. म्हणजे रिठ्याच्या दिवसापासूनच. मी त्या बाथरूममध्ये नीट रांगेत लावून ठेवल्या. येईल तेव्हा लागतील.

२१ जून, शनिवार
नवा निश्चय. दर पंधरा दिवसांनी नाशिकला पार्सल. लाडू, मेणबत्त्या, लोकरीचा स्कार्फ. नाशिकला थंडी असते. सुरुवात आजच. नणंदेला फोन करून पत्ता विचारला. मागून धनूचा आवाज आला, मम्मी आहे का, दे. फोनवर आली आणि म्हणाली, काही बनवू नकोस. काहीच पाठवू नकोस. तू नुसता फोन करत जा.

नुसता फोन. त्यात काय एवढं?

२३ जून, सोमवार. संध्याकाळी.
काल दिवसभर फोन केला नाही. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. हातात काही नसलं की मला सुचत नाही. तीन मुद्दे कागदावर काढले: अभ्यास, तब्येत, आजी.

आज साडेचारला लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. “हां मम्मी, बोल ने,” म्हणाली, इथल्या गुजराती ढंगात. आवाज फार गोड वाटला. मला एकदम भरून आलं, सगळे मुद्दे विसरले. तुझ्यावाचून घर खायला उठतं, असं म्हणायचं होतं. ते तोंडाशी आलंही होतं.

जेवलीस का, विचारलं. हो म्हणाली. काय? आत्याने नूडल्स केले होते, म्हणाली, मस्त होते.

मी म्हटलं, त्यात मैदा असतो. मग मैदा आतड्याला कसा चिकटतो ते सांगितलं. नाचणीच्या शेवया घरी करता येतात, सोऱ्या लागतो, कृती लिहून घे म्हटलं. नाचणी आदल्या रात्री भिजवायची इथपर्यंत आले, तेव्हा पलीकडे काहीच ऐकू येत नाही असं लक्षात आलं. हॅलो, हॅलो केलं. फोन कट झाला होता. कधी, ते कळलं नाही.

नेटवर्क गेलं असणार. नाशिकला रेंजचा प्रॉब्लेम दिसतो.

परत लावला नाही. तिला अभ्यास असेल.