माझे दोन सत्कार

२ जुलै १९५६, सोमवार
काल क्लबने माझा सत्कार केला. कशाबद्दल ते कोणी सांगितलं नाही. शाल, नारळ, झेंडूचा हार. सेक्रेटरी गंगाधरपंत बोलले — 'अकरा वर्षं गुणाजीने आपल्या मिलच्या टीमचा गड राखला. असा फुलबॅक पुन्हा होणे नाही.' टाळ्या झाल्या. मी आभार मानले आणि म्हटलं, मंगळवारी प्रॅक्टिसला भेटूच. टाळ्या एकदम थांबल्या. लोक दमले असतील.

३ जुलै
प्रॅक्टिसला गेलो तर माझी जर्सी धोंडूच्या अंगात. धोंडू बावीस वर्षांचा, नवीन भरती. पंत म्हणाले, 'तुझी धुवायला टाकलीय.' म्हटलं, ही काय मग? ते म्हणाले, 'दुसरी.' मला लाइनमनचं निशाण दिलं.

६ जुलै
जर्सी अजून धुताहेत.

११ जुलै
प्रॅक्टिस आज नायगावच्या मैदानात, असा निरोप. करी रोडवरून चालत गेलो. मैदानात दोन म्हशी. तासभर एकटाच धावलो, बॉलशिवाय. परत येताना बघतो तर अख्खी टीम लालबागला खेळतेय. पंत मला पाहून झाडामागे गेले. झाड बारीक, पंत जाड. मी नमस्कार केला. त्यांनीही झाडामागूनच केला.

कळतं मला. दगड नाही मी. पण फुटबॉल खेळतो म्हणून टाइम ऑफिसात खुर्ची मिळाली. टीममधून गेलो की पुन्हा खात्यात कापड विणायच्या साच्यावर आठ तास उभं राहायचं. तोंडावर कोणी सांगत नाही ना — तोवर मी टीममध्येच.

२२ जुलै, रविवार
दुसरा सत्कार. या खेपेला बँडसकट. भाषणांत 'निरोप' हा शब्द सहा वेळा आला. पितळी पेला दिला, वर कोरलंय 'निवृत्तीनिमित्त'. मी म्हटलं, सत्कार वर्षातून एकदा पुरे, पुढचा पुढच्या वर्षी ठेवा. पंतांनी डोकं धरलं. बायकोने, कांताने, पेल्यावरचं वाचलं आणि पेला पुसून फळीवर ठेवला.

५ ऑगस्ट, रविवार
काल संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आमचे चार खेळाडू पकडले, धोंडूसुद्धा. आज तर मॅच. सकाळीच पंत आमच्या खोलीवर, चिंचपोकळीला. 'गुणाजीराव, जर्सी वाळली.'

खेळलो. पहिला हाफ बरा गेला. दुसऱ्यात चिखलात बसलो तो उठताच येईना. मी बसलेलो असतानाच दोन गोल झाले. शेवटी रेफरी, पंत आणि समोरचे दोघे, अशा चौघांनी मला उभं केलं. त्यांचा सेंटर फॉरवर्ड म्हणाला, 'लागलं का काका?'

काका. ते लागलं.

६ ऑगस्ट
पंतांकडे गेलो. म्हटलं, एकदाचं तोंडावर सांगून टाका. ते रडकुंडीला आले. 'तुझी खुर्ची कायम आहे रे. मॅनेजरसाहेबांकडून जूनमध्येच लिहून घेतलंय. पण तुला लागेल असं बोलायचं नाही, मानाने पाठवायचं, असा शब्द दिलाय मी.' कोणाला, ते काही सांगेनात.

७ ऑगस्ट
कांता गुडघ्याला तेल चोळत होती. मान वर न करता म्हणाली, 'मियाच गेल्लंय पंतांकडे. तुमका उकिडवा बसाक येणा नाय. नि सांगून तुम्ही ऐकतास?'

मी दुसरा गुडघा पुढे केला.