पमीसाठी हेडफोन

१२ जानेवारी १९८६, रविवार

आज गेम वाचला — थोडक्यात! हे तो हातात धरून खिडकीपर्यंत गेले होते.

वीजकेंद्रातली रात्रपाळी करून आले, चहा घेतला, आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच आतून ते टिव-टिव सुरू. मी मशीनवर ब्लाउज शिवत होते, उठायलाही वेळ मिळाला नाही. "फेकून देतो राखेच्या तळ्यात! बापाले झोपू देत नाही ही पोट्टी!" पमी भिंतीला चिकटून उभी. रडली नाही. हल्ली रडतच नाही. नुसती ह्यांच्या हाताकडे पाहत राहते.

मी मध्ये पडले. म्हटलं, मामाने आणलेली वस्तू आहे, त्याला काय सांगू? माझा भाऊ रुपराव दिवाळीत मस्कतहून आला तेव्हा त्याने भाचीला दिला. तळहाताएवढा गेम. काचेत एक माकड नारळ झेलतं आणि दर नारळाला टिव! आवाज बंद करायचं बटणच नाही. रुमालात गुंडाळून पाहिला, उशीखाली धरून पाहिला. दोन खोल्यांचं क्वार्टर, आवाज जाणार कुठे?

काढून घेतला असता तिच्याकडून. पण अकरा वर्षांची पोरगी, खालच्या मैदानात मुली तिला घेत नाहीत. "आवाज दिला तर पाहत नाही, लई भाव खाते" म्हणतात. हे माकडच काय ते तिच्याशी खेळतं.

१४ जानेवारी

संक्रांत. हे गोड बोलले. दिवसभर!

१८ जानेवारी, शनिवार

कॉलनीच्या बाजारात नत्थूजी रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी गेमला बाजूने भोक पाडून पिन घालायची सोय करून दिली. पिन घातली की बाहेरचा आवाज बंद, फक्त कानात.

"आता कानाचं तेवढं पाहा, वहिनी. ट्रान्झिस्टरची ही एका कानाची गुंडी आहे, पण पोरीचा कान दुखंल. वॉकमनचा दोन कानांचा येते, स्पंजचा. तो नागपूरले बर्डीवर भेटंल. लई मोठा नका घेऊ, त्याले ह्या गेमचा जोर पुरत नाही."

गुंडी लावून पाहिली. पमी म्हणाली, "बंद आहे." त्यांनी दुसरी दिली. तीही बंद. नत्थूजींनी वायर ओढून पाहिली, फुंकर मारली, चिडले — "कालच तर आणल्या!" म्हटलं जाऊ द्या, दोन कानांचाच घेऊ. एकदाच काय ते चांगलं घेऊ.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "घे बाई घे. मले झोप पाहिजे."

२५ जानेवारी, शनिवार

सगळं नीट लिहिते.

सकाळच्या बसने बर्डीला गेलो. पमीने निळा फ्रॉक घातला होता, गेम फ्रॉकच्या खिशात. दुकानदाराने काचेवर तीन हेडफोन मांडले. एक नारिंगी स्पंजचा, वर नुसती पत्र्याची पट्टी. एक घडी होणारा. आणि एक काळा, मोठा, कान पुरा झाकणारा. पमीचा डोळा त्या काळ्यावर!

आधी स्पंजचा लावला. गेम सुरू केला. पमी जरा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "एकच बाजू चालते, आई."

"अरे बेटी, नया माल है," दुकानदार म्हणाला.

घडीचा लावला. "याचीपण एकच."

दुकानदार हसला. "बहनजी, आपकी लडकी तो बडी पारखी है!" त्याने काळा दिला. शिवाय आपला टेपरेकॉर्डर जोडून दिला — मोठा आवाज, ढोलकीचं गाणं. पमी मान डोलवायला लागली. मी खुणेनेच विचारलं, दोन्हीकडून? तिने उजव्या कानावर बोट ठेवलं.

मला राग आला. तीन-तीन वस्तू खराब! मी तो काढून माझ्या डोक्याला लावला, भांडायच्या तयारीनेच. दोन्ही बाजूंनी ढोलकी. अगदी डोक्याच्या मधोमध.

मग मी तो उलटा करून पमीला लावला. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

"आता कुठून येऊन राहिलं?"

"इकडून." पुन्हा उजवा कान.

दुकानदाराने टेप बंद केला. मी म्हटलं, तो स्पंजचा बांधून द्या. काळा का नको, असं पमीने एकदाही विचारलं नाही. हेडफोन मिळाला म्हणून हवेतच होती.

परतीच्या बसमध्ये तिला मुद्दाम खिडकीशी बसवलं. उजवा कान खिडकीकडे, डावा माझ्याकडे. तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हटलं — "पमी." मग "प्रेमिला." मग "खाली उतर, गाव आलं." ती बाहेर कोळशाचे ट्रक पाहत होती. पाहतच राहिली.

२६ जानेवारी

हे कालपासून दिवसपाळीत. सांगितलं नाही.

नवरात्रात ह्यांच्या धुतलेल्या कपड्यांवर पमीच्या हातून पाणी सांडलं होतं. त्या दिवशीची ती थापड! मी चुलीपाशी होते, भांडं पडल्यासारखा आवाज आला. पमी खाली बसली होती कान धरून.

ह्यांचा उजवा हात. समोर उभ्या माणसाचा डावा कान.

झालं लिहून. आता लिहिलं ते खोडवत नाही.

२९ जानेवारी

पमी पिन घालते, कानाला स्पंज लावते, कोपऱ्यात बसते. घर कसं शांत! हे म्हणाले, "वा! आधीच काहून नाही आणला?"

ही शांतता मला सोसत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

जेवण झाल्यावर, पमी शेजारी गेली असताना. दुकानातलं सगळं सांगितलं, नवरात्रातलं सोडून. हे आधी हसले. "ढोंग करून राहिली. शाळेत मन नाही, अभ्यासात मन नाही, आता कानाचं काढलं."

पमी आली तशी तिला समोर बसवलं. "उजव्या कानावर हात दाब. जोरानं!" मग पाठीमागून बोलले. "पमे, तुले पेढा पाहिजे का?" ती गप्प. "पमे, तुही आई बोलावते." गप्प. "पमे —" आणि मग जोरात ताटली वाजवली. तेव्हा कुठे ती दचकली, हात काढला, म्हणाली, "झालं का बाबा? आता सांगा नं, काय म्हणू?"

ह्यांच्या तोंडावरचा रंगच गेला. चपला घातल्या, बाहेर गेले. परत आले ते कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा पुडा घेऊन, पमीला आवडते म्हणून. स्वतः एकही खाल्ली नाही.

नवरात्रातलं मी सोडलं होतं. ह्यांनी नाही सोडलं. मला दिसलं ते.

६ फेब्रुवारी

हे पार बदलले आहेत. पमीच्या उजव्या बाजूला बसतात, सावकाश बोलतात. तिचं गणित घेतलं. वेणी घालायला बसले — वाकडी झाली, दोघं हसली! चार दिवसांत घरात वरचा आवाज नाही.

पमी मात्र अंग चोरून बसते. गोड बोलणं संपायची वाट पाहिल्यासारखी.

९ फेब्रुवारी, रविवार

मी वांगी चिरत होते. हे दारात येऊन उभे राहिले. मग —

"अनुसया, माह्या हातानं झालं का वं?"

मी चिरत राहिले.

"सांग नं. माह्याच हातानं झालं असंल, नाही?"

"डॉक्टर सांगतील," एवढंच म्हटलं. 'नाही हो' म्हणता आलं असतं. जीभ वळली नाही. हे तिथेच उंबऱ्यावर बसले, डोकं धरून. लग्नाला तेरा वर्षं झाली, ह्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. कीव आली. आणि खरं लिहायचं तर बरंही वाटलं. राहू दे असंच बसलेलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नागपूरला, धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे. ह्यांनी रजा घेतली.

पमीला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, डोक्याला जड काळा हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. उजव्या कानाला तिचं बोट टपाटप वर. मग तपासणाऱ्या बाईंनी डाव्या कानासाठी बटण फिरवलं. पमी बोट तयार ठेवून बसलेली, सगळ्यांकडे आशेने पाहत. बोट वर गेलंच नाही. शेवटी तिनेच उगाच एकदा केलं वर. आम्हाला बरं वाटावं म्हणून!

डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं. हे उभेच होते. मी काही बोलायच्या आत ह्यांनीच विचारलं, "डॉक्टरसाहेब, थापडीनं होते का असं?"

डॉक्टरांनी वर पाहिलं. आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. "होऊ शकतं. जोराच्या थापडीनं पडदा फाटतो. पण हिचा पडदा चांगला आहे. आतली नस गेली आहे, पूर्ण. लहानपणी गालफुगी झाली होती का?"

झाली होती. तिसरीत असताना. दोन्ही गाल सुजले होते, ताप होता. मी हळदीचा लेप लावला होता.

"मग त्यातच गेली असणार. कधीकधी एका कानाची जाते, मुलांना सांगताही येत नाही. आता परत येणार नाही. पण उजवा कान छान आहे. तो मात्र जपा. तिला आता तेवढाच आहे."

बाहेर बाकावर हे ढसाढसा रडले. येणारे-जाणारे पाहत होते. पमीने मला विचारलं, "बाबा काहून रडून राहिले? मले तर माहीत होतं नं."

"काय माहीत होतं वं?"

"इकडून येत नाही ते. मले वाटलं सगळ्यांचं असंच असते. एक कान ऐकाले अन् एक नुसता."

मलाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ह्यांच्या हाताने नाही झालं! पण वाटलं नाही.

२० फेब्रुवारी

हे साऱ्या कॉलनीत सांगत फिरतात. "गालफुगीनं झालं. डॉक्टरनं सांगतलं. आपलं काहीच नाही त्यात." शेजारच्या मैनाबाई ब्लाउज न्यायला आल्या तर त्यांनाही सांगितलं, न विचारता. मैनाबाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "बरं झालं बापा, सुटले वामनराव."

संध्याकाळी शीळ घालत दाढी केली. मला म्हणाले, "तू तर मले कसाईच समजून राहिली होती. नाही का?" हसत म्हणाले. पण आरशातून डोळे माझ्यावर होते.

२४ फेब्रुवारी

पमीला शाळेत पहिल्या बाकावर, डावीकडच्या भिंतीशी बसवलं. बाईंना मी जाऊन सांगितलं. एक मुलगी घरी आली होती — तिच्या उजव्या बाजूने चालत! पमी गेम विसरून मैदानात गेली. आजचा दिवस चांगला.

२७ फेब्रुवारी

ह्यांची रात्रपाळी पुन्हा सुरू.

वरणात मीठ जास्त झालं. ताट भिंतीवर. मला काही लागलं नाही. पण ताट आपटलं त्या क्षणी पमीने काय केलं ते मी पाहिलं. तिने डोकं नाही झाकलं, तोंड नाही झाकलं. उजवा कान दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मी भिंत पुसली. मग ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. "तिच्यावर हात उचलायचा नाही. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं नं?"

"म्हणजे? डॉक्टरनंच तर सांगतलं, मी काही नाही केलं!"

"या वेळी नाही केलं."

हे उठले. मी डोळे मिटले नाहीत. हात वर गेला होता, तिथेच थांबला. मग म्हणाले, "लई बोलाले शिकली," आणि कामावर गेले.

पण बोलले मी! बोलले.

३ मार्च

चार दिवस एक शब्द नाही. ना माझ्याशी, ना पमीशी. दार आपटण्यावरून कळतं घरात आहेत ते. मी पमीला म्हटलं, बाबा झोपले असताना मैदानातच राहत जा. तिने मान हलवली. इतकी शहाणी मान मला पाहवत नाही.

६ मार्च, रामटेक

सकाळी मारलं. उजव्या कानावर. दाराशी हाक मारली ती तिला ऐकू आली नाही, एवढंच कारण.

ऐकू येतं आहे! मी बसमध्ये पूर्ण वाट तिला हाका मारत आले. कान लाल आहे, पण येतं आहे.

हे अंघोळीला गेले तशी निघालो, अंगावरच्या कपड्यांनिशी. माझी थोरली बहीण पंचफुला इथे शाळेत शिकवते. तिने दार उघडलं, पमीचा गाल पाहिला, म्हणाली, "ये." मी म्हटलं, "राहायला आलो आहोत." ती म्हणाली, "समजलं वं. ये आत."