तुमची खळ तडकायची, नाना

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की नशिराबादच्या तुमच्या कापड रंगवायच्या कारखान्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तुम्ही मला रंगकाम शिकवलंत असं लोक म्हणतात. काय शिकवलंत? पाणी शेंदायला आणि कापडं वाळत घालायला. निळीच्या हौदाजवळ जायची मला बंदी. गूळ-चुना घालून आंबवलेली नीळ म्हणजे जिवंत देवी, तिला बाईचा विटाळ चालत नाही, हा तुमचा कायदा. एका हिवाळ्यात गप्पांच्या नादात तुम्हीच झाकण उघडं टाकलंत, हौद गारठला, वरचा फेस बसला. सकाळी सगळ्या कारागिरांसमोर मला उभं करून विचारलंत, "खरं सांग, बाहेर बठेल शेस ना तू?" मी नव्हते. पण ते चारचौघांत पुरुषांना कसं सांगायचं? मी मान खाली घातली, तुम्हाला तेवढं पुरलं. "बठ्ठा हौद मरी गया हिनामुये! निंघ आठून!"

तुमच्या बैठकीत काचेमागे ते जुनं जपानी सुती कापड होतं, कुणा पाहुण्यानं दिलेलं. गर्द निळ्यावर पांढऱ्या लाटा, रेघा केसाएवढ्या. नक्षी कातरलेल्या कागदातून तांदळाची खळ कापडावर ओढायची, वाळवायची आणि मग कापड निळीत बुडवायचं. खळीखालचं पांढरं राहतं. एवढंच. त्या लाटांसाठी तुम्ही जन्म घालवलात. पण तुमची खळ वाळली की तडकायची, भेगांतून नीळ आत शिरायची आणि लाटांचा नुसता चिखल व्हायचा.

का तडकते, हे मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात मेहरूणच्या आमच्या अंगणात आई बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवायची आणि मला दटावायची, "कच्चा घाटा उनमा फाटस, पोरी. वाफ बसू दे." तुम्ही खळ नुसती कढवायचात. ती वाफवायची असते, मळायची असते, तिच्यात कोंडा घालायचा असतो. तुमच्याही घरी बिबडे होत होते, पण चुलीकडे तुम्ही कधी वळून पाहिलंत? ज्या सकाळी तुम्ही मला हाकललंत, त्या सकाळी माझ्या पिशवीत डबा होता. आदल्या दिवशी वाफवलेली खळ मी तुम्हाला दाखवायला आणली होती. डबा तसाच घरी परत नेला. नंतर तुम्ही मरेपर्यंत फाटक्या लाटा धूत बसलात, आणि ते कानावर आलं की मला त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

आता मेहरूणला माझा स्वतःचा हौद आहे. थंडीत त्याच्यावर गोधडी घालते. त्यात पहिल्यांदा हात घातला तो मुद्दाम त्याच दिवसांत. मेला नाही, नाना. असा फेस आला की बघत राहावं!

आणि काल तुमच्या लाटा केल्या. कापड हौदातून हिरवट निघालं, वाऱ्यावर निळं होत गेलं, मग खळ धुतली. एकही भेग नव्हती. तुमचं नाक कापलं मी, आणि मला त्याचा आनंद आहे.

हे पत्र टाकणार कुठे? चुलीत घालीन, उद्याच्या खळीला तेवढंच जळण. फक्त एक सांगते. पहिली पांढरी लाट पाण्यातून वर आली तेव्हा माझ्याकडच्या कामाच्या बाया भोवती उभ्या होत्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "नाना, हे बघा."