सगळ्या मतदारसंघाचा दाजी

४ एप्रिल
आजपासून रोजनिशी. जबाबदारीच्या माणसानं ठेवावी असं वाटलं. कुणाला दाखवायची नाही.
थोडक्यात परिस्थिती. ऊस नाही म्हणून आमचा सहकारी साखर कारखाना यंदा जानेवारीतच बंद पडला. मी व्हाइस चेअरमन. काम काही नाही, पण टेन्शन आहे. आमची ही, सरस्वती, दोन वर्षांपासून खासदार. तिकीट खरं तर माझंच होतं. पार्टीला ऐन वेळी बाई उमेदवार पाहिजे झाली म्हणून हिचं नाव दिलं. तेव्हाच ठरलं होतं, नावाला ती, कामाला मी. (कुणाबरोबर ठरलं ते आता आठवत नाही. पण ठरलं होतं.)
त्याआधी ही चौसाळ्याला बायकांची दूध सोसायटी चालवायची. अनुभव तेवढाच.
संकल्प : रोज सकाळी दिल्लीला फोन करून मार्गदर्शन.

६ एप्रिल
मार्गदर्शन केलं. दुष्काळावर बोलायचं तर मोठ्यानं बोल म्हणालो, हळू बोलणाऱ्याला तिथं कोण विचारतं. ती म्हणाली, मोठ्यानं बोललं तर बाई किंचाळती म्हणतात, हळू बोललं तर बाईला जमत न्हाई म्हणतात. मधला आवाज कोणता असतो ते सांगा.
विचार करून सांगतो म्हणालो.

९ एप्रिल
बोलली. दुष्काळावर कमी, ऊसतोडीच्या बायकांवर जास्त. पाळी असो का बाळंतपण, एक दिवस कोयता टाकला की खाडा धरतात, वर दंड लावतात, हे सगळं संसदेत उभं राहून सांगितलं. मी आईबरोबर टीव्हीवर बघत होतो. पाळी हा शब्द आल्यावर आवाज कमी केला. आई म्हणाली, वाढव.
पेपरात हेडिंग : 'निळ्या इरकलीत खासदार आक्रमक'. ती साडी मी आणलेली. म्हणजे अर्धी बातमी माझीच.
मधल्या आवाजावर अजून विचार झालेला नाही. गरम लई होतंय.

१३ एप्रिल
लोक हिला ताई म्हणतात, म्हणून मला दाजी म्हणतात. केजपासून धारूरपर्यंत सगळा मतदारसंघ माझा मेहुणा. मान आहे, नाही असं नाही. पण दाजीला लोक खुर्ची देतात, चहा देतात आणि मग आपसात बोलत बसतात.
आज हिच्या वतीनं चारा छावणीला भेट दिली. चाऱ्याचा ट्रक आलाच नव्हता, जनावरं नुसती उभी. मी परिस्थितीचा आढावा घेतला. सटवा म्हणून एक म्हातारा आहे, तो म्हणाला, दाजी, तुमी बसा सावलीला, ताईचा नंबर तेवढा द्या. दिला. संध्याकाळपर्यंत ट्रक आला.
प्रत्यक्ष भेटीचा परिणाम होतो तो असा.

१८ एप्रिल
ही काल आली, उद्या जाणार. स्टेशनवरून थेट छावणीत गेली, तिथून दोन मयतींच्या घरी, मग एका लग्नात. लग्नातल्या बायका म्हणाल्या, ताई आता मोठ्या झाल्या, हळदीला आल्या न्हाईत. रात्री ताटावर बसल्या बसल्या पेंगली. आईनं हातातला घास काढून ठेवला.
सकाळी एक चॅनेलवाली आली होती. विचारलं, घर आणि राजकारण कसं सांभाळता? हिला थकवा होता म्हणून उत्तर मीच दिलं. सविस्तर दिलं. घर माझ्याच अंगावर आहे ना. (स्वयंपाक आई बघते, बाकीचं मी.)
ती गेल्यावर ही म्हणाली, शेजारच्या मतदारसंघातल्या अर्जुनरावांना कुणी विचारतं का, तुमची पोरं कोण बघतं म्हणून? मी म्हणालो, ते पुरुष आहेत, त्यांना कशाला विचारतील.
ती म्हणाली, तेच.
तेच म्हणजे काय, ते कळलं नाही. झोपेत असेल.

२३ एप्रिल
बातमी आहे. दिल्लीत मंत्रिमंडळात फेरबदल. राज्यमंत्रिपदासाठी हिचं नाव चर्चेत. सकाळपासून लोक येतायत. दोन हार आले, ही नसल्यामुळे मीच घातले.
फोनवर ही म्हणाली, मजुरांचं खातं मिळालं तर कोयत्यावरच्या बायकांचं कायमचं काहीतरी करता येईल. लग्नाला बावीस वर्षं झाली, हिनं स्वतःहून कधी काही मागितलेलं आठवत नाही. आवाज नवीन वाटला. लाइन क्लिअर असेल.
संकल्प : महिन्यातले तीन आठवडे दिल्लीत राहायचं. हिंदी सुधारायची. मंत्र्याच्या यजमानांसाठी वेगळी केबिन असते का, ते राधाकिशनला विचारायचं. राधाकिशन हिचा पीए. त्यानं 'बघतो' असा मेसेज केला.

२७ एप्रिल, दुपारी
थेट दिल्लीचा फोन. पार्टीचे सरचिटणीस. हिला नाही, मला. खुर्चीतून उठून उभा राहिलो.
त्यांनी विचारलं, घर की स्थिति कैसी है? मंत्रालय में समय बहुत देना पड़ता है, मैडम संभाल पाएंगी ना?
मी ओळखलं, हे माझं वजन तपासतायत. खुल्या मनानं बोललो. आई थकली आहे. मुलगी लातूरला क्लासला, परीक्षा तोंडावर. ही नसली की घर बंद पडतं. हिचा स्वतःचा बीपी आहे, मागच्या महिन्यात छावणीत चक्कर आली होती. एकटीला जड जाईल. पण काळजी नको, कुठलाही निर्णय ही मला विचारल्याशिवाय घेत नाही. मी सोबत येऊन बसेन.
ते म्हणाले, अच्छा किया, आपने साफ़ बता दिया.
माझ्यावर खूश झाले. असे स्पष्ट बोलणारे लोक दिल्लीत मिळत नसतील.
हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

२ मे
यादी आली. हिचं नाव नाही. मजूर खात्याचे राज्यमंत्री अर्जुनराव.
अर्जुनरावांची दोनदा अँजिओप्लास्टी झालेली आहे. मंडळी वर्षभर अंथरुणाला खिळून. पण त्यांच्या घरी दिल्लीहून फोन गेल्याचं ऐकलं नाही. लकी माणूस.
आपल्याच कुणीतरी पाय ओढला, यात शंका नाही. कारखान्याचे चेअरमन आप्पा परवा दिल्लीला गेलतेच. वर तोंड करून म्हणतात, मुलीकडं गेलतो. शोध लावणार. सोडणार नाही.
हिचा फोन लागत नाही.

७ मे
ही आली. आधी छावणी केली, मग दूध सोसायटीत जाऊन बसली. ऊन उतरल्यावर घरी आली.
आईनं विचारलं, कावून गं, कशापायी न्हाई मिळालं? ही म्हणाली, तिथं सांगितलं, तुमच्या घरूनच कळलंय की तुम्हाला जमणार नाही. आई म्हणाली, कुणाच्या घरून?
ही म्हणाली, आपल्याच.
मी सांगितलं की त्या दिवशी रेंज नव्हती. हिंदीत अर्थ बदलतो. मी उलट तारीफच केली होती. जड जाईल म्हणजे काम मोठं आहे, असं म्हणायचं होतं. बीपीचं निव्वळ काळजीपोटी.
ती म्हणाली, मी कुणाची तरी बायको म्हणून आलेली न्हाई, एवढं पटवायला मला दिल्लीत दोन वर्षं लागली. तुमाला एक फोन लागला.
आई उठली. गुडघ्याला हात देऊन उठली. म्हणाली, बिभीषणा, ही पहाटं दुधाचे कॅन उचलायची, बाळंतीण असताना उचलायची. तवा इचारलं का, जड जातंय का म्हणून?
यावर उत्तर होतं, पण आई आत निघून गेली.
ही भांडली असती तर मला बाजू मांडता आली असती. ही फाइल काढून बसली. अर्जुनरावांना ऊसतोडीच्या बायकांबद्दल निवेदन लिहीत होती.
आप्पांबद्दलचा संशय तूर्त बाजूला ठेवला.

८ मे
ही गेली. जाताना आईच्या पाया पडली. मला म्हणाली, औषधं वेळेवर घ्या.
राधाकिशननं कळवलं की यापुढं घरी यायचे सगळे कॉल आईच्या मोबाइलवर जातील. मी म्हणालो, आईला हिंदी येत नाही. तो म्हणाला, ताईंना माहीत आहे.

११ मे
सकाळी चुकून माझ्याच नंबरवर एक फोन आला. पेपरच्या महिला पुरवणीतून. राजकीय प्रतिक्रिया पाहिजे असेल म्हणून खाकरून तयार झालो. फेरबदलावर चार वाक्यं पाठच होती.
बाई म्हणाल्या, ताईंबद्दल छोटासा कॉलम करतोय. ताईंना जेवायला काय आवडतं?
मी म्हणालो, साधंच. बाई म्हणाल्या, साधं म्हणजे काय, एक पदार्थ सांगा ना. मी विचार केला. मला काय आवडतं ते सगळं आठवलं. थोड्या वेळानं सांगतो म्हणून फोन ठेवला.
आईला विचारलं. आई म्हणाली, तुझ्या बायकोचं मला इचारतोस? मी आग्रह केला. तिनं आठवून बघितलं. मग म्हणाली, ती सगळ्यांचं झाल्यावर बसायची. उरलेलं खायची. आवडीचं कधी उरलं असंल तर ठावं न्हाई. आणि खाली मान घालून डाळ निवडायला लागली.
दुपारी हिलाच मेसेज टाकला : तुला जेवायला काय आवडतं?
दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. मीटिंगमध्ये असेल. फोन हातात धरूनच पडलो होतो, डोळा लागला नाही. पेपरवाल्या बाईंचा परत फोन आला, उचलला नाही.
दिवे लागणीला हिचं उत्तर आलं.
'कावून? कुणाचा फोन आलता?'