मेलिसची साइडकार

आत-बाशी
१२ जुलै

प्रिय बुरुल,

माणसं, जनावरं सगळी सुखरूप आहेत. तुझीही खुशाली तशीच असावी. आईचे गुडघे दुखायचे तसे दुखताहेत, पोरगी वाढतेय, चिनारा माझ्या खांद्याला लागली आहे, कुरणावर यंदा गवत भरपूर आहे. काळ्या गाईला कालवड झाली. तिचं नाव तूच ठेवायचं, असं चिनारानं तुला कळवायला सांगितलं आहे.

कागदावर का लिहितोय म्हणशील. फोनवर आई शेजारी बसून तुझं बोलणं ऐकते आणि माझं बोलणं स्वतःच पुरं करते. चिनारा मध्येच फोन ओढून घेते. शेजारचा केनेश परवा मॉस्कोला निघालाय, त्याच्याबरोबर हे पाकीट देतोय. वाटेत फोडणार नाही, असं त्यानं भाकरीवर हात ठेवून कबूल केलंय.

तर बातमी अशी की जनावरांच्या डॉक्टरबाईंनी मदतनिसाची जागा माझ्यासाठी राखून ठेवली आहे. मेंढ्या कुरणावरून खाली उतरेपर्यंत थांबेन म्हणाल्या, पुढे नाही. लस बर्फाच्या डब्यातून न्यावी लागते आणि घोड्यावरून वर पोहोचेपर्यंत ती कोमट होते. म्हणून मोटारसायकल हवी, आणि मोटारसायकलसाठी लायसन. ही नोकरी लागली तर त्या धुलाईखान्याचं पुढचं कंत्राट करणार नाही, घरी येईन, असं तू म्हणाली होतीस. तू विसरली असशील तर सांगतो, मी विसरलेलो नाही.

म्हणून चाळिशी उलटल्यावर शिकायला लागलोय. आपल्या गावात शिकवणारा एकच आहे, आणि तो कोण हे तुला मी सांगायला नको.

वसंतात तो आपण होऊनच बाजारात माझ्यापुढे उभा राहिला. "तुरात, गाडी शिकायचीय म्हणे तुला?" त्याला कुठून कळलं देव जाणे. तुझ्या माहेरच्या गल्लीतला मेलिस, माझ्याआधी तुला मागणी घालणारा मेलिस! लग्न झाल्यापासून मी त्याच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. आता रोज सकाळी जातो. त्याच्या त्या जुन्या इझ मोटारसायकलवर मी बसतो आणि तो बाजूच्या साइडकारमध्ये पाय पसरून मला हुकूम सोडतो. केस अजून सगळेच्या सगळे डोक्यावर आहेत त्याच्या. ते वाऱ्यानं उडतात आणि तो सारखे मागे सारतो.

पहिल्याच दिवशी गाडी त्याच्या भिंतीकडे निघाली. मी जन्मभर जे केलं तेच केलं. मागे रेललो, दोन्ही मुठी छातीकडे ओढल्या आणि "द्रर्र" म्हणालो. घोडा असता तर जागच्या जागी उभा राहिला असता. ही बया उजवी मूठ ओढली की आणखीच उधळते.

"अरे लगाम नाही तो! सोड! मूठ सोड!" मेलिस ओरडत होता.

भिंत मातीची होती म्हणून दोघंही वाचलो. धुरळा बसल्यावर त्याची बायको सायकाल बाहेर आली, भगदाडाकडे बघितलं आणि म्हणाली, "भावजी, दार त्या बाजूला आहे."

आता बरं जमतंय. वळतो, थांबतो, गिअर बदलताना खाली बघत नाही. पण मेलिस रोज तुझी चौकशी करतो. "बुरुल कशी आहे? तिकडे थंडी फार ना?" मी "मजेत आहे" म्हणतो. मनात म्हणतो, तुला काय करायचंय? माझ्या बायकोची थंडी माझ्याकडे.

आणि परवा आई चहा ओतता ओतता सहज म्हणाली, "याच गाडीतून बुरुल लग्नाआधी बाजाराला जायची म्हणे." सहज! आई जन्मात कधी काही सहज म्हणालेली नाही.

तर मला एवढंच सांग, तू साइडकारमध्ये बसायचीस की त्याच्या मागे, सीटवर? हसू नकोस, दोन्हींत फरक आहे. साइडकारमध्ये कोणीही बसतं, पोतं बसतं, मेंढरू बसतं. मागे बसलं की पुढच्याला धरावं लागतं. त्या मागच्या सीटचं चामडं फाटलंय, वर लोकरीच्या जाड नमद्याचा तुकडा टाकलाय. मेलिस पाणी प्यायला आत गेला तेव्हा मी तो उचलूनही पाहिला. खाली काय सापडणार होतं ते माझं मलाच ठाऊक नाही.

उत्तर कागदावर दे. फोनवर नको, आई असते.

तुझा
तुरात

*

आत-बाशी
१९ सप्टेंबर

प्रिय बुरुल,

आम्ही सगळे बरे आहोत. केनेशच्या हाती पाठवलेला कोट चिनाराला अगदी बसला, आईनं लोकरीची टोपी घरातसुद्धा काढलेली नाही. मला त्या पिशवीत हातमोजे मिळाले. उत्तर मिळालं नाही. नंतर फोनवर तू "खुळे आहात का हो?" म्हणालीस आणि हसलीस. ते कसलं हसू होतं याचा विचार करण्यात माझा सगळा ऑगस्ट गेला.

बुरुल, तू दर वेळी विचारायचीस की परीक्षा कधी, आणि मी सांगायचो की तारीख मिळत नाही. तारीख मिळाली होती. परीक्षा झालीसुद्धा होती. मी नापास झालो होतो.

प्रश्नांचा भाग सहज सुटला, चिनारानं सगळं घोकून घेतलं होतं. मग मैदानात गेलो आणि गाडी बघितली. साइडकारच नव्हती! दोनच चाकं, आणि खाली एक बारकीशी काडी लावून उभी केलेली.

"साहेब, हिची बाजू कुठे गेली?" मी विचारलं.

तो साहेब म्हणजे काल मिसरूड फुटलेला पोरगा. म्हणाला, "काका, परीक्षेला हीच असते."

बसलो. तीन चाकांची गाडी कलत नाही, ती हात ताठ ठेवून बैलगाडीसारखी वळवावी लागते. मी हिलाही तशीच वळवली. पांढऱ्या रेघांचा आठ काढायचा होता, तो वेडावाकडा कसाबसा काढला. शेवटच्या रेघेवर येऊन झोकात ब्रेक दाबला, गाडी नेमकी थांबली आणि मी ऐटीत साहेबाकडे पाहिलं. पाय दोन्ही वरच. साइडकारवाल्याला थांबल्यावर पाय टेकायची सवय कुठली? गाडी सावकाश डावीकडे आडवी झाली आणि तिच्याबरोबर मीही. बोकड ओढायच्या खेळात घोड्यांच्या एवढ्या रेटारेटीत मी कधी खोगीर सोडलं नाही, आणि उभ्या गाडीवरून पडलो. कुंपणापाशी उभे असलेले लोक हसून हसून वाकले.

घरी येईपर्यंत बसमध्ये माझं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. मेलिसला हे ठाऊक नव्हतं? जन्म गेला त्याचा गाड्यांमध्ये. त्यानं मुद्दाम सांगितलं नाही. मी नापास होणार, नोकरी जाणार, तू तिकडेच राहणार. 'माझ्या घरी नाही आली, तर तुरातच्याही घरी नको,' असा त्याचा डाव. मला हे इतकं लख्ख दिसलं की बसमधून उतरून मी घरी न जाता थेट त्याच्या अंगणात गेलो.

"तुला ठाऊक होतं!"

"काय ठाऊक होतं?"

"परीक्षेला दोन चाकं असतात ते!"

त्याच्या हातातला विळा खाली आला. "अरे देवा," तो म्हणाला. "आमच्या वेळी साइडकारसकट घ्यायचे रे. मी विचारायला हवं होतं."

तिथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण मी म्हणालो, "बुरुल परत यायला नकोय तुला."

मेलिसनं विळा भिंतीला टेकवला. बोलली सायकाल. दुधाची बादली खाली ठेवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, डोकं ठिकाणावर आहे का? बुरुलनं फोन केला म्हणून हा माणूस गवत कापायचं सोडून तुमच्या मागे लागलाय. माझ्यासमोर बोलली ती, वसंतात. रडत होती. म्हणाली, 'ते आपण होऊन तुमच्या दारात येणार नाहीत, तुम्हीच जाऊन विचारा. आणि मी सांगितलंय हे कळू देऊ नका.' आता कळलं. बसा बोंबलत!"

मी तिथल्या ओंडक्यावर बसलो. बोंबललो नाही. तू फोन केलास, रडलीस, आणि तो फोन त्याला. भिंतीला धडकलो तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

मेलिसनं पाना आणला आणि साइडकारचे नट सोडवायला बसला. "चल, धर खालून. आता दोन चाकांवर शिकायचं." नट गंजलेले होते, एका माणसाचं काम नव्हतं. दोघं आडवे पडलो, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. अशा वेळी तोंड दिसत नाही म्हणून मी विचारलं, "ती कुठे बसायची?"

"कोण?"

"बुरुल. यात की मागे?"

आधी त्याला समजेना. मग तो असा हसला की पाना हातातून निसटला. "बसायची? अरे ती चालवायची! बसायचो मी, या डबड्यात, जीव मुठीत धरून. एकदा ओढ्यात घातलंन मला, सगळं पीठ भिजलं. बाजारातली माणसं थांबून बघायची तिच्याकडे. तुला सांगितलं नाही तिनं?"

नाही. मला सांगितलं नाहीस.

साइडकार की सीट, साइडकार की सीट, असं करत मी अख्खा उन्हाळा काढला, आणि हँडल तुझ्या हातात होतं! लग्नाला इतकी वर्षं झाली. तू माझ्या घोड्याला पाणी दाखवलंस, माझं खोगीर शिवलंस, मी मोटारसायकलला लोखंडी गाढव म्हणालो की सगळ्यांबरोबर हसलीस. एकदाही म्हणाली नाहीस की अहो, हे गाढव मला हाकता येतं. मला मेलिसचा हेवा वाटतो तो आता याचा. तू धुरळा उडवत बाजारातून गेलीस ते त्यानं पाहिलंय. मी असं काही पाहिलेलं नाही, आणि आता कितीही परीक्षा दिल्या तरी ते मला दिसणार नाही.

पुढचं सांगतो. दोन चाकांवर पहिल्या दिवशी मी इतका पडलो की सायकालनं कोंबड्या आत कोंडल्या. मग मेलिसनं विचारलं, "घोडा भरधाव वळवताना काय करतोस?"

"अंग टाकतो त्या बाजूला."

"मग टाक की! तुला कोणी अडवलंय?"

अंग टाकलं आणि गाडी वळली. तीन चाकांनी मला ताठ बसायला शिकवलं होतं, ते सगळं विसरावं लागलं. मंगळवारी पुन्हा परीक्षेला गेलो. आठ काढला, रेघेला स्पर्श नाही. शेवटी थांबलो आणि डावा पाय असा आपटला की टाच अजून ठणकते आहे. तो पोरगा साहेब म्हणाला, "काका, पाय विसरला नाहीत. पास." कुंपणापाशी मेलिस उभा होता. त्यानं टोपी वर फेकली. मी लायसन खिशात घातलं आणि माझ्याही नकळत त्याला मिठी मारली.

आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आता भिंती पाडल्या तरी पोलीस काही बोलणार नाहीत?" पण मग परसात जाऊन डोळे पुसून आली. सोमवारपासून डॉक्टरबाईंकडे कामावर जायचं आहे.

मेलिसच्या भिंतीचं भगदाड मी बुजवून दिलं. सायकालनं कणकेचे बोरसोक तळले, चिनारासकट चौघांनी मिळून खाल्ले. हेवा गेला असं लिहिलं असतं तर पत्र चांगलं दिसलं असतं, पण गेलेला नाही. तो आजही विचारतो, "बुरुल कधी येणार?" आणि आजही माझ्या पोटात दुखतं. तो माणूस चांगला आहे, त्यामुळे त्याला शिव्याही देता येत नाहीत, आणि दुखणं तसंच राहतं. तू त्याला फोन केलास म्हणून मी पास झालो, हे मला समजतं. समजून उपयोग होत नाही.

महिनाअखेर तुझं कंत्राट संपतंय. नव्या कंत्राटावर सही करू नकोस. निघायचा दिवस ठरला की फोन कर. ठरला नाही, रडू आलं, तरी कर. मेलिसला मी सांगेन, आईला आणि चिनारालाही मीच सांगेन.

आधी मला.

तुरात