संक्रांतीची फाइल

केबल तुमच्या खोलीतून हॉलपर्यंत पुरत नाही, म्हणून लॅपटॉप पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवते आहे, बाबा. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती खोली आम्ही तुमचीच म्हणतो. वायफायवर प्रयत्न करून झाले. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमधली संक्रांतीची फाइल अर्ध्यापर्यंत येते आणि तुटते. लॅपटॉप म्हणतो, दुसरा कॉम्प्युटर सापडत नाही. पेनड्राइव्हने आधीच नकार दिला. एवढी मोठी एकच फाइल त्याला घेता येत नाही. त्या संक्रांतीला तुम्ही गच्चीवर कॅमेरा लावलात आणि सबंध दुपार तो बंदच केला नाहीत. नंतर म्हणालात, कापाकापी नको. आमेरच्या डोंगरांपर्यंत आकाश, पतंग, शेजारच्या गच्चीवरून ‘वो काटा’ची ओरड. तुम्ही कुठेच दिसत नाही. कॅमेऱ्यामागून फक्त आवाज येतो: ढील दे, ढील दे. घरात तुमचा आवाज तेवढाच आहे, आणि डिस्क आता टकटक करते, कधीही जाईल.

मी राउटर हलवला, फायरवॉल बंद केली, केबल लावली, सगळं एकदमच. तुम्हाला ते आवडलं नसतं. लहानपणी मी रेडिओ उघडून बसले होते तेव्हा तुम्ही युनिटमधून आलात, बूटही न काढता शेजारी उकिडवे बसलात. “एका वेळी एकच गोष्ट बदल. नाहीतर दुरुस्त झालं तरी कशानं झालं ते कळत नाही.” तुम्ही लष्कराच्या सिग्नल्समध्ये होता, घरातही तसंच बोलायचात. मी सगळं पूर्ववत केलं. मग फक्त केबल. तरी तुटलं.

आई तुमच्या पलंगावर मटार सोलत होती.

“झालं का गं?”

“तुटलं परत.”

“मतलब, पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

“तू इथे त्याच्यापाशी बसतेस तोवर चालतं. तिकडे गेलीस की बंद. अगदी ह्यांच्यासारखं. टीव्हीसमोरून मी उठले की घोरायलाच लागायचे.”

मग मी सेटिंग पाहिलं. काही वेळ कुणी हात लावला नाही की कॉम्प्युटर झोपतो. ते तुम्हीच करून ठेवलं होतं. रिकाम्या खोलीत पंखा कुणासाठी फिरतोय, असं तुम्ही पॅसेजमधून विचारायचात, आणि आमच्यापैकी कुणीतरी पळत जायचं. फाइल बाहेर जात होती, पण माउस हलत नव्हता. त्याच्या लेखी खोली रिकामी होती.

एक क्लिक पुरली असती. मी तिथपर्यंत गेले, आणि काही न बदलता सेटिंगची खिडकी बंद केली. तुमच्या खुर्चीत बसले. अधूनमधून माउस हलवत राहिले.

“असंच बसावं लागतं?” आईनं विचारलं.

“हो.”

“मग बसू या.” मटार संपले तरी ती उठली नाही. पलंगावरचं ऊन भिंतीवर गेलं. ती बसल्या बसल्या पेंगली. स्क्रीनवरची पट्टी हळूहळू भरत गेली आणि पूर्ण झाली.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही. आईला मी खोटं सांगितलं, एवढंच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा कॉम्प्युटर सुरू झाला नाही. आई हॉलमध्ये लॅपटॉपसमोर बसली होती. मी चहा ठेवला.

“आवाज वाढव,” ती म्हणाली.

मी वाढवला.