दारातनं वळलेली गाडी

न्यायमूर्ती अमरसिंह यांस, म्हणजे आमच्या अमऱ्यास,

वकिली सांभाळून आमदार होतास तेव्हा ओळख ना पाळख, असल्या माणसाच्या रक्षाविसर्जनालाही हजर असायचास. जज्ज झालास आणि सख्ख्या आईच्या दारातनं गाडी वळवून गेलास! व्हय, हलगीवाले मीच बोलावले होते. तू गावात आलास की हलगी वाजायचीच की! पण गर्दीत शेजारचा आकाराम दिसला, त्याची बांधाची केस तुझ्यापुढं, म्हणून तू खालीसुद्धा उतरला न्हाईस. अरे, तो हार घेऊन नव्हता आला. आईची खुर्ची धरून उभा होता. तिला आता उभं राहवत न्हाय, ठावं तरी हाय का तुला?

वर ती केसही सोडलीस. नऊ वर्षं निकालासाठी थांबलेला माणूस आता नव्या जज्जाची वाट बघतोय. गर्दी मी जमवली, तरी मला एका शब्दानं बोल लावला न्हाय. लावला असता तर बरं वाटलं असतं.

आई अजून रोज दारात बसती, तू परत येशील म्हणून. खुर्ची आकारामच आणून ठेवतो.

हे पत्र मी टाकणार न्हाय. आकारामचं नाव दिसलं की तू पुढं वाचणारच न्हाईस.

तुझ्यावर चिडलेली,
संयोगिताआक्का, नेसरी